कोणाच्या बाजूने?

खेळातले प्रश्न सहसा मैदानावरच संपतात. पंच बोट वर करतो, फलंदाज बॅट काखेत मारून चालू लागतो, आणि वाद राहिलाच तर तो फार तर चहाच्या वेळेपर्यंत टिकतो. परंतु एखादा प्रश्न असा येतो की तो मैदान सोडून घरात शिरतो आणि तिथून माणसाच्या मनात जाऊन बसतो. १२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कजवळ विश्वचषकाच्या वीस षटकांच्या स्पर्धेत भारत आणि अमेरिका हे संघ समोरासमोर आले, तेव्हा असाच एक प्रश्न पुष्कळ मराठी घरांत शिरला. भारताच्या डावातील पहिल्याच षटकात विराट कोहली आपला पहिलाच चेंडू खेळून झेलबाद झाला. पाठोपाठ रोहित शर्माही गेला. दोन्ही बळी एकाच डावखुऱ्या गोलंदाजाने घेतले होते. त्याचे नाव सौरभ नेत्रावळकर. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचे, क्रिकेट मुंबईचे आणि अंगावर सदरा अमेरिकेचा.

टाळी वाजवावी की हळहळावे, हे पुष्कळांना त्या क्षणी कळले नाही. भारताने तो सामना सात गडी राखून जिंकला, तेव्हा हा पेच आपोआप मिटल्यासारखा वाटला. वस्तुतः तो मिटला नव्हता, टळला होता. समजा, भारत हरला असता तर? मग आपण त्या मुलाला काय म्हटले असते?

ह्या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले, 'हा खेळ आहे, त्यात कसली आली निष्ठा?' दुसरे, 'ज्या मातीत वाढला तिच्यावरच उलटला.' ही दोन्ही उत्तरे मला आळशी वाटतात. पहिले उत्तर खोटे आहे, कारण खेळात निष्ठा नसती तर अकरा माणसे एकमेकांसाठी अंगावर चेंडू झेलत उभी राहिली नसती. दुसरे उत्तर अन्यायाचे आहे, कारण ते मातीचे ऋण एका माणसाच्या खात्यावर मांडते आणि मातीने त्याला काय दिले ह्याची जमा बाजू कोरीच ठेवते. तेव्हा ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून थोडे हळू चालावे. माणूस कोणाच्या बाजूने उभा राहतो, आणि ती बाजू त्याची होते ती कशाने, एवढाच प्रश्न समोर ठेवावा.

प्रथम ह्या माणसाची हकीकत पाहू. सौरभचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१चा. २०१० साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. के. एल. राहुल, मयांक अग्रवाल, जयदेव उनाडकट हे त्याचे त्या संघातले सोबती. उपांत्यपूर्व फेरीत तो संघ पाकिस्तानकडून हरला. सोबती पुढे भारताच्या संघात गेले. सौरभने संगणकशास्त्राची पदवी घेतली, आणि रणजी करंडकात मुंबईकडून त्याच्या वाट्याला एक सामना आला. मुंबईच्या संघात जागा मिळणे म्हणजे काय, हे ज्यांनी पावसाळा संपताच आझाद मैदानाची गर्दी पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. एकाच्या खेळपट्टीवर दुसऱ्याचा क्षेत्ररक्षक उभा असतो. २०१५ साली तो पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. खेळ संपला असे धरूनच गेला असावा. तिथे शिक्षण झाले, ओरॅकल ह्या संगणक कंपनीत नोकरी लागली आणि सुटीच्या दिवसांतून पुन्हा खेळ सुरू झाला. पुढे तो अमेरिकेच्या संघात आला, त्या संघाचा कर्णधारही झाला. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या मैदानावर अमेरिकेने पाकिस्तानशी बरोबरी साधली. निकालासाठी एकेक जादा षटक टाकायचे ठरले, आणि अमेरिकेच्या अठरा धावांचे रक्षण करण्यासाठी चेंडू ह्याच्या हाती दिला गेला. पाकिस्तानला तेरा धावा करता आल्या. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या एका अभियंत्याने, चौदा वर्षांपूर्वी भारतीय सदऱ्यात हरलेला एक हिशेब अमेरिकन सदऱ्यात चुकता केला.

आता ऋणाचे पाहू. 'मातीचे ऋण' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. ऋण माणसाचे असते. ज्या शिक्षकाने सकाळी सहाला जाळ्यात चेंडू टाकायला लावला त्याचे ऋण असते. ज्या आईने पांढरी विजार रोज धुतली, ज्या क्लबने वर्गणी माफ केली, ज्या सोबत्याने आपले बूट दिले, त्यांचे ऋण असते. हे ऋण फेडायला कोणत्या सदऱ्यात खेळावे अशी अट नसते. ते बहुधा पुढच्या माणसाला देऊनच फिटते. पण 'देश' नावाच्या संघाने ज्याला कधी बोलावलेच नाही, त्याच्याकडे त्या संघाने ऋणाची वसुली मागावी हे चमत्कारिक आहे. न दिलेल्या कर्जावर व्याज मागण्यासारखे ते आहे.

मग निष्ठा कशातून येते? मला वाटते, ती वचनातून येते. जन्मातून ओढ येते, आणि ही ओढ खरी असते. ती कोणी काढून घेऊ शकत नाही आणि कोणी लादूही शकत नाही. परंतु ओढ म्हणजे कर्तव्य नव्हे. कर्तव्य जन्माला येते ते माणूस एका बाजूची टोपी डोक्यावर घेतो, दहा जणांचा विश्वास स्वीकारतो आणि 'मी आहे' असे म्हणतो तेव्हा. त्या घटकेपासून त्याचे पूर्ण सामर्थ्य त्या दहा जणांचे झालेले असते.

जन्माने बाजू ठरवण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे, आणि तोही क्रिकेटच्याच मैदानावर. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पाडले जात. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे चार संघ, आणि ह्यांपैकी कशातच न बसणाऱ्यांचा पाचवा संघ 'शेष' म्हणून. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'शेष'. १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'शेष'च्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. समोरच्या टोकाला त्यांचे भाऊ विवेक उभे होते. दोघांनी मिळून जी तीनशे धावांची भागीदारी केली तीत विवेकचा वाटा एकवीस धावांचा. पुढे हेच हजारे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. मराठी बोलणारा, सांगलीत जन्मलेला हा माणूस रणजी करंडकात बडोद्याकडून वर्षानुवर्षे खेळला आणि कोणाला त्यात वावगे दिसले नाही. जन्माने मिळालेली 'शेष' ही बाजू किती पोकळ होती, हे त्या ३०९ धावांनीच दाखवून दिले. ज्याला कोणत्याही कप्प्यात जागा नव्हती तोच त्या दिवशी सर्वांत उंच उभा होता.

कधी माणूस बाजू बदलत नाही, बाजूच माणसाखालून सरकते. अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली भारतीय संघातून इंग्लंडला गेले, आणि १९५२ साली दिल्लीला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले. नाणेफेकीला त्यांच्यासमोर भारताचे कर्णधार होते लाला अमरनाथ, जे लाहोरात वाढले होते. आणि १९४६च्या त्या दौऱ्यावर भारताचे नेतृत्व करणारे पतौडीचे नवाब इफ्तिकार अली ह्यांनी चौदा वर्षांपूर्वी सिडनीला पहिल्याच कसोटीत शतक काढले होते ते इंग्लंडकडून. ह्या तिघांपैकी बेइमान कोण? उत्तर द्यायला गेले की जीभ अडखळते, आणि ती अडखळते हेच बरे आहे.

सरकणाऱ्या बाजूचे उदाहरण पाहायला लाहोरपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्याच राज्याच्या उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यात, वेवजी नावाचे गाव आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचीही वाटणी झाली. काही गावे गुजरातेकडे गेली, काही महाराष्ट्रात राहिली. वेवजी राहिले. त्याच्या शेजारचे सोलसुंबा गुजरातेत गेले. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा निराळा जिल्हा झाला आणि वेवजीचा जिल्हाही बदलला. माणसे जिथे होती तिथेच राहिली. इकडच्या वारल्यांचे सोयरे तिकडे आहेत, तिकडच्यांचे इकडे. तोंडात मराठी, वारली आणि गुजराती अशा तिन्ही बोली एका वाक्यात नांदतात. रेल्वेचे उंबरगाव रोड स्थानक गुजरातेत आणि सात-बारा महाराष्ट्राचा, असा तिथला रोजचा व्यवहार आहे.

ह्या वेवजीत अलीकडच्या वर्षांत एक तंटा उभा राहिला. सोलसुंब्याच्या ग्रामपंचायतीने रस्त्यावर दिवे लावले, आणि ते दिवे आमच्या हद्दीत आहेत अशी वेवजीकरांनी तक्रार केली. हद्दीची मोजणी व्हावी अशी मागणी झाली. वर्तमानपत्रांनी त्याला सीमावाद म्हटले. तंटा कोणाच्या बाजूने न्याय्य आहे हे मोजणी करणारे पाहतील. मला मात्र त्या दिव्यांनी विचारात पाडले. रस्ता एकाचा आणि दिवा दुसऱ्याचा, असे असेल तर अंधारात चालणाऱ्याने कोणाचे आभार मानावेत? दिवा लावला म्हणून रस्ता आपला होत नाही, हे खरे. पण ज्याचा रस्ता आहे त्याच्याकडून तिथे उजेड आला नसेल, तर त्याची तक्रार कायद्याने कितीही बिनचूक असली तरी तिचा आवाज थोडा खाली येतो. हक्क नकाशातून येतो. आपलेपण उजेडातून येते. आणि अडचण अशी की उजेड दाखवणाऱ्याच्या मनात पुष्कळदा हक्काचाही हिशेब असतो.

हा दिव्यांचा हिशेब क्रिकेटमध्ये कोणी सर्वांत जवळून पाहिला असेल तर तो आयर्लंडच्या खेळाडूंनी. त्या बेटावर क्रिकेट हा एके काळी परक्यांचा खेळ मानला जाई. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक क्रीडासंघाने आपल्या सभासदांना परके खेळ खेळण्यास बंदी घातली होती आणि ती १९७१ साली उठली. म्हणजे तिथे कोणाकडून खेळावे हा प्रश्न पुढचा. मुळात हा खेळ खेळणे हीच काहींच्या लेखी फितुरी होती. तरीही काही घरांत तो टिकला. डब्लिनच्या जॉइस कुटुंबात तो इतका टिकला की भाऊ आणि बहिणी मिळून पाच जण आयर्लंडकडून खेळले. त्यांतला एड जॉइस हा डावखुरा फलंदाज, १९७८चा जन्म. आयर्लंडला कसोटीचा दर्जा नव्हता. उत्तम फलंदाजाने जायचे कुठे? तो इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये गेला, तिथे धावांच्या राशी केल्या, आणि वास्तव्याच्या नियमाने इंग्लंडच्या संघास पात्र झाला. १३ जून २००६ रोजी बेलफास्टला तो इंग्लंडकडून आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. समोर संघ होता आयर्लंड, ज्याचा तो इतिहासातला पहिलाच एकदिवसीय सामना होता. आणि त्या आयर्लंडच्या संघात पहिलाच सामना खेळत होता एडचा सख्खा भाऊ डॉमिनिक.

एका घरातून निघालेले दोन भाऊ एकाच सकाळी दोन बाजूंना उभे राहिले. घरी आईने कोणासाठी प्रार्थना केली असेल ह्याची कल्पना करण्याचे कारण नाही. आयांना असे प्रश्न पडत नाहीत. पुढच्या वर्षी विश्वचषकात गयानाच्या मैदानावर इंग्लंड आणि आयर्लंड पुन्हा भेटले. एड जॉइसने बॉइड रॅंकिन ह्या आयरिश गोलंदाजाचा एक चेंडू बॅट वर उचलून सोडून दिला, आणि त्या चेंडूने त्याचा त्रिफळा उडवला. दैव कधी कधी फार ठसठशीत लिहिते. पण त्याहून ठसठशीत पुढचे आहे. हाच रॅंकिन काही वर्षांनी इंग्लंडकडून कसोटी खेळला आणि नंतर आयर्लंडला परतला. त्या दिवशी आयर्लंडकडून खेळणारा डब्लिनचाच इऑन मॉर्गन २००९ साली इंग्लंडकडे गेला, आणि २०१९ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार म्हणून तो त्याच्याच हातात आला. एड जॉइस मात्र परतला. २ मार्च २०११ रोजी बंगळूरला केव्हिन ओब्रायनच्या विलक्षण शतकाने आयर्लंडने इंग्लंडला हरवले, तेव्हा जॉइस हिरव्या सदऱ्यात होता.

आता ह्यांतला कोण निष्ठावंत? मॉर्गन गेला आणि राहिला. जॉइस गेला आणि आला. रॅंकिनही आला. लोकांच्या मनाचा कौल घेतला तर जॉइस पुढे जाईल, कारण परत येणाऱ्याची गोष्ट आपल्याला गोड लागते. मला ती गोडी थोडी संशयास्पद वाटते. परत येणाऱ्याला आपण आवडीने कवटाळतो, कारण त्याच्या परतण्याने आपली उपेक्षा झाकली जाते.

ह्या बाबतीत महाभारताने फार पूर्वी तीन माणसे उभी करून ठेवली आहेत. पहिला कर्ण. युद्धाआधी कृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतो आणि पांडवांकडे बोलावतो. कर्ण जन्माला मान देतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. दुसरा युयुत्सू. धृतराष्ट्राचा हा मुलगा, दोन्ही सैन्ये उभी राहिल्यावर आणि बाण सुटण्यापूर्वी, सर्वांच्या देखत कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे जातो. व्यासांनी त्याला फितूर म्हटलेले नाही. तिसरा शल्य. हा माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा मामा. तो निघाला होता पांडवांकडे. वाटेत दुर्योधनाने त्याच्यासाठी मुक्कामाची सुंदर ठिकाणे उभारून त्याचे आतिथ्य केले. हे धर्मराजाचेच काम असे समजून तो प्रसन्न झाला, वर देऊन बसला, आणि कौरवांचा झाला. पुढे कर्णाचा सारथी होऊन त्याने रथ हाकला, आणि रथ हाकता हाकता कर्णाचे धैर्य खच्ची करीत राहिला.

ह्या तिघांत कर्ण थांबला आणि युयुत्सू गेला, दोघांच्या वाटा उलट. तरी दोघांविषयी आपल्याला आदर वाटतो. शल्याविषयी वाटत नाही. कारण त्याने शरीर एका बाजूला दिले आणि मन दुसऱ्या बाजूला ठेवले. बाजू बदलणे हा अधर्म असेलच असे नाही. अर्धे असणे हा मात्र अधर्म खरा. नेत्रावळकरने रोहित शर्माला एक सैल चेंडू टाकला असता, जुन्या मुंबईकराच्या मायेने हात किंचित आखडता घेतला असता, तर तो आपल्या डोळ्यांत भला दिसला असता आणि शल्य झाला असता. त्याने पूर्ण ताकदीने चेंडू टाकला, म्हणूनच तो दोन्ही बाजूंना तोंड दाखवू शकतो. मुंबईने त्याला शिकवले असेल तर ते हेच: समोर कोण आहे हे न पाहता चेंडू टाकायचा.

इथे एक आक्षेप निघतो, आणि तो जोरकस आहे. वचन, पूर्णपणा, मोकळेपणा हे सारे एकेकट्या माणसासाठी ठीक. पण एकेकट्यांच्या ह्या निर्दोष निवडींची बेरीज काय होते? आयर्लंडने मुलगा वाढवायचा आणि इंग्लंडने फलंदाज न्यायचा. लहान संघ लहानच राहतो, कारण त्याचे मोठे झालेले खेळाडू त्याच्याकडे राहत नाहीत; आणि ते राहत नाहीत, कारण तो लहान आहे. प्रत्येकाने प्रामाणिकपणे वागूनही अन्याय होतच राहतो. हे नाकारता येणार नाही. दिवा दाखवणाऱ्या शेजाऱ्याचा हेतू तपासावा लागतो तो इथे. काउंटी क्रिकेटने आयरिश मुलांना उजेड दिला हे खरे, आणि त्या उजेडात त्यांची हद्द हळूहळू सरकली हेही खरे. पण ह्या अन्यायाचा जबाब त्या मुलाकडून मागणे चूक आहे. ज्या व्यवस्थेत डब्लिनला जन्मला म्हणून माणसाला कसोटी खेळता येत नव्हती, तिच्याकडून तो मागायला हवा. तो जबाब अखेर २२ जून २०१७ रोजी आला. त्या दिवशी आयर्लंडला आणि अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला.

आणि ज्यांना निवडच नाही त्यांचे काय? वेवजीच्या आसपासची कितीतरी तरुण माणसे रोज सकाळी हद्द ओलांडून उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. महाराष्ट्राच्या मतदार यादीत नाव आणि गुजरातच्या कारखान्यात हात, अशी त्यांची वाटणी आहे. त्यांना कोणी निष्ठेचा प्रश्न विचारीत नाही. का विचारीत नाही? कारण आपल्या मोजणीत त्यांचे हात कोणत्याच बाजूचे मोलाचे नाहीत. निष्ठेची मागणी आपण नावारूपाला आलेल्यांकडेच करतो. तो मुलगा निनावी असताना त्याची आठवण नसते. त्याने मोठा बळी घेतला की तो एकदम 'आपला' होतो, आणि आपल्याविरुद्ध घेतला तर एकदम परका. माणसाच्या यशावर हक्क सांगायचा असेल तर त्याच्या निनावी वर्षांवरही सांगावा लागतो. त्या वर्षांत आपण त्याला काय दिले हे तेव्हा पाहावे लागते.

ह्याच पालघर जिल्ह्याने त्याचेही उदाहरण दिले आहे. शार्दूल ठाकूर पालघरचा. योगायोग असा की त्याचीही जन्मतारीख १६ ऑक्टोबर १९९१ हीच, नेत्रावळकरचीच. पालघरहून मुंबईला सरावाला जायचे म्हणजे पहाटेची गाडी, खांद्यावर जड पिशवी आणि परतताना रात्र. ही ये-जा पाहून प्रशिक्षक दिनेश लाड ह्यांनी ह्या शाळकरी मुलाला बोरिवलीला आपल्या घरी ठेवून घेतले. २०१८ साली हैदराबादला पहिल्या कसोटीत तो दहा चेंडू टाकून जायबंदी झाला. दुसऱ्या कसोटीसाठी त्याला दोन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. ती मिळाली जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला. त्याने पहिल्या डावात ६७ धावा काढल्या, सामन्यात सात बळी घेतले, आणि जिथे १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया हरली नव्हती तिथे भारत जिंकला. एकाच दिवशी जन्मलेले हे दोघे. एकाला राहता आले, एकाला जावे लागले. राहिलेल्याला आपण निष्ठावंत म्हणू, पण त्याच्या राहण्यामागे बोरिवलीतल्या एका घराचा उघडा दरवाजा आहे हे विसरू नये. निष्ठा ही बहुधा कोणीतरी आधी दाखवलेल्या विश्वासाचे उत्तर असते. तो विश्वास आधी यावा लागतो.

म्हणून 'तू कोणाच्या बाजूने?' हा प्रश्न विचारणाऱ्यावर उलटतो. तो विचारण्याआधी बाजूने स्वतःला विचारावे, 'मी ह्याच्या बाजूने कधी होते?' राज्याने वेवजीला विचारावे, संघाने खेळाडूला, गावाने शहरात गेलेल्या मुलाला. उत्तर देता आले तर त्यांची मागणी रास्त आहे. देता आले नाही तर मोजणीचे दगड रोवता येतील, सदऱ्याचे रंग ठरवता येतील. पण दगडांनी आणि रंगांनी माणूस बांधला जात नाही.

जाणाऱ्यावरही काही बंधन आहेच. त्याने उघडपणे जावे, मागे राहिलेल्यांना हिणवू नये, आणि जिथे जाईल तिथे पूर्ण असावे. आणि जमले तर मागून येणाऱ्याला आपल्यासारखे जावे लागू नये असे काही करून ठेवावे. मे २०१८ मध्ये डब्लिनजवळ मालाहाइडला आयर्लंडचा पहिला कसोटी सामना झाला, पाकिस्तानविरुद्ध. सलामीला उतरला एड जॉइस. वय एकोणचाळीस. पहिल्या डावात चार धावा, दुसऱ्या डावात त्रेचाळीस. सामना आयर्लंड पाच गडी राखून हरले, आणि त्याच महिन्यात जॉइसने खेळ थांबवला. आकडे पाहिले तर ह्यात सांगण्यासारखे काही नाही. पण ज्या सामन्यासाठी बारा वर्षांपूर्वी तो आपल्या भावासमोर परक्या सदऱ्यात उभा राहिला होता, तो सामना आता त्याच्या घराजवळच्या गवतावर होत होता. त्याच्या मागून येणाऱ्या डब्लिनच्या मुलाला कसोटी खेळायची असली तर ती घरूनच चालत जाऊन खेळता येईल, आणि त्यासाठी कोणाच्याही दिव्याखाली उभे राहावे लागणार नाही.